विज्ञान जबलपुरात, आजार मंडल्यात

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी २०२५-२६ पर्यंत पुरी करावयाची आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करावयाचे, असा संकल्प त्या वेळी सोडण्यात आला. सरकारी आकड्यांनुसार २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण आढळून आले. आदिवासींच्या एका आजारासाठी एवढी तपासणी व्हावी ही लहान गोष्ट नव्हे. परंतु गणती म्हणजे उपचार नव्हे. ज्याच्या हाती रुग्ण असल्याचे कार्ड पडले, त्याला दुसऱ्या दिवसापासून रोजची गोळी कोण देणार, ताप आला तर कोण पाहणार, वेदनेचा झटका आला तर कोठे नेणार, या प्रश्नांची उत्तरे त्या कार्डावर छापलेली नसतात.

ही उत्तरे शोधावयाची तर जबलपूरकडे पाहिले पाहिजे. हे शहर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या राज्याचा भाग होते; विदर्भातील वाचकांना ते परके नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या संस्थांची येथे वाण नाही. १९०४ साली येथे तोफांचे गाडे बनविणारा कारखाना उभा राहिला. १९४७ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९४८ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय, १९५५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ मध्ये विद्यापीठ आणि १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ सुरू झाले. पुढे वनसंशोधन व तणसंशोधन यांच्या केंद्रीय संस्था आल्या, २००५ मध्ये माहिती तंत्रज्ञानाची संस्था आली आणि २०११ च्या कायद्याने राज्याचे वैद्यकविज्ञान विद्यापीठही याच शहरात स्थापन झाले. हे सर्व जनतेच्या पैशातून उभे राहिलेले आहे. आणि याच शहराकडे वाहत येणाऱ्या नर्मदेच्या वरच्या अंगाला मंडला आणि दिंडोरी हे गोंड व बैगा आदिवासींचे जिल्हे आहेत. तेथील टोल्यांवर आजही हिवताप, क्षय, कुपोषण आणि सिकलसेल हे घरोघरचे शब्द आहेत. ज्ञानाचे एवढे मोठे भांडार आणि एवढे जुने आजार एकमेकांच्या शेजारी का नांदतात, हा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे ठरीव उत्तर असे देण्यात येते की, आदिवासींच्या आजारांविषयी पुरेसे ज्ञानच नाही किंवा आदिवासी अज्ञानी आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. १९८४ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जबलपूर येथे आदिवासींसाठी प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र स्थापन केले. राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रातील शास्त्रज्ञांनी चार दशके जे काम केले आहे, ते कोणत्याही प्रामाणिक राज्यकर्त्याला धोरण आखण्यास पुरेसे आहे.

काही उदाहरणे घेऊ. मंडला जिल्ह्यातील तिलईपानी येथे मुलांचे पाय वाकडे होऊ लागले होते. या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दोष हँडपंपाच्या पाण्यात निघाला. स्वच्छ पाणी म्हणून जमिनीच्या पोटातून जे पाणी वर काढले, त्यातच फ्लोराइडचे प्रमाण घातक होते. आणि ज्या मुलांच्या आहारात दूध नाही, चुना नाही, त्यांच्या हाडांवर त्याने सर्वांत आधी घाला घातला. पाणी बदला आणि आहार सुधारा, हा त्यावरचा उपाय होता. दुसरे उदाहरण नर्मदेवरील बर्गी धरणाचे आहे. डॉ. नीरू सिंह यांनी मंडला-जबलपूर भागातील हिवतापावर वर्षानुवर्षे संशोधन केले व पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या. धरणाच्या जलाशयालगतच्या गावांत हिवताप दूरच्या गावांपेक्षा कितीतरी अधिक आहे, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. म्हणजे ज्यांची जमीन विकासासाठी गेली, त्यांच्याच वाट्याला विकासाचा ताप आला. तिसरे उदाहरण श्योपूर-शिवपुरीकडील सहरिया जमातीचे. नव्वदच्या दशकातील पाहणीत त्यांच्यात दर हजारी बाराहून अधिक लोकांना फुफ्फुसाचा क्षय असल्याचे आढळले. अर्धपोटी राहून दगडखाणीत धूळ गिळणाऱ्या माणसाला क्षय का होतो, हे समजावयास नवीन सूक्ष्मदर्शक लागत नाही.

सिकलसेलची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. भारतात या आजाराची नोंद १९५२ साली झाली. एक नोंद निलगिरीच्या आदिवासींतील आणि दुसरी आसामच्या चहामळ्यांवरील मजुरांतील होती. मळेवाल्यांनी जंगलपट्ट्यातून मजूर भरून नेले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या रक्तातील हा वारसाही हजारो कोसांवर गेला. शास्त्राला तो सापडला तो मळ्याच्या दवाखान्यात. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील या आजाराविषयी लिहिले. विदर्भातील दलित व आदिवासी समाजांत तो किती खोलवर आहे हे तेव्हापासून ठाऊक आहे. साठांहून अधिक वर्षे उलटल्यावर राष्ट्रीय मोहीम निघाली!

हा आजार काय आहे हे प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. तो संसर्गाने होत नाही, शापाने होत नाही, कोणत्याही जातीच्या दोषाने होत नाही. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या रचनेत एक छोटासा बदल असतो. हा गुण आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला तर माणूस केवळ वाहक असतो आणि सामान्यतः धडधाकट आयुष्य जगतो. दोघांकडूनही आला तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात आणि मूल वारंवार आजारी पडते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात असे मूल होण्याची शक्यता चारात एक असते. मग हा गुण टिकला कसा? वाहकाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून. रक्ताचे असे विकार आणि हिवताप यांचा संबंध असावा, हे १९४९ साली प्रथम सुचविणाऱ्यांत जे. बी. एस. हाल्डेन होते. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सभासद राहिलेले आणि ‘डेली वर्कर’मधून कामगारांसाठी विज्ञान लिहिणारे हे शास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. त्यांची कल्पना सिकलसेलच्या बाबतीत १९५४ मध्ये अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील पाहणीतून सिद्ध केली. जंगलातील हिवतापाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या माणसांच्या शरीराने हे हत्यार घडविले आणि त्याची किंमतही त्याच माणसांची मुले मोजत आहेत.

या आजारावर इलाज नाही असेही नव्हे. लहान मुलांना पेनिसिलिन व लसी, सर्वांना फॉलिक ॲसिड आणि त्रास असणाऱ्यांना हायड्रॉक्सियुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात व आयुष्य वाढते. कमी मात्रेतही ही गोळी उपयोगी पडते, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अनुभवाने दाखविले आहे. ती महागडी नाही. उलट अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या जनुकोपचाराची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. मक्तेदार कंपन्यांच्या जगात गरिबाच्या आजारावरील सर्वोच्च विज्ञान गरिबाला असे भेटते. आपल्या देशातील सार्वजनिक प्रयोगशाळा स्वस्त जनुकोपचारासाठी झटत आहेत, त्यांना साधने मिळालीच पाहिजेत. परंतु साधी गोळी आरोग्य केंद्रात वर्षभर मिळत नसेल, तर उद्याच्या चमत्काराची आश्वासने ही क्रूर थट्टा ठरते.

ज्ञान आदिवासींकडून गोळा करावयाचे आणि फळ मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचू द्यावयाचे नाही, ही रीत वसाहतवादी राज्याची होती. १८२८ साली जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला डायनोसॉरची हाडे सापडली. आशियातील अशा अवशेषांचा तो पहिला शोध मानला जातो. हाडे कलकत्त्यास गेली, १८७७ मध्ये त्यांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे लॅटिन नाव मिळाले आणि पुढच्या शतकात याच टेकडीतून निघालेले काही अवशेष लंडनच्या संग्रहालयात पोहोचले. मूळ नमुन्यातील हाड पुढे हरवले, ते २०१२ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहात पुन्हा सापडले. हाडांच्या बाबतीत हे एक वेळ चालून गेले. परंतु जिवंत माणसाच्या रक्ताचे नमुने जबलपूरला जावेत, त्यांवर निबंध प्रसिद्ध व्हावेत आणि ज्याच्या बोटाला सुई टोचली तो त्याच अवस्थेत राहावा, हे स्वतंत्र भारतात चालता कामा नये. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. त्यांनी आपले निष्कर्ष मांडले आहेत. ते अंमलात आणणारी यंत्रणा सरकारने उभी केली नाही, हा खरा दोष आहे.

यंत्रणा उभी केली तर काय होऊ शकते, याचा पुरावा मंडल्यातच आहे. २०१७ पासून तेथील १,२३३ गावांत हिवताप निर्मूलनाचा एक प्रयोग जबलपूरची ही संस्था, राज्य सरकार आणि एका औषध कंपनीने स्थापन केलेली संस्था यांनी मिळून राबविला. त्यात नवी लस नव्हती, नवे औषधही नव्हते. गावोगाव फिरणारे पगारी कार्यकर्ते नेमण्यात आले, त्यांना शिक्षण देण्यात आले, ताप आलेल्या प्रत्येकाची जागच्या जागी तपासणी झाली, लगेच औषध मिळाले, औषध पुरे घेतले की नाही हे पाहण्यात आले आणि कामावर देखरेख ठेवण्यात आली. सुमारे तीन वर्षांत स्थानिक हिवतापाचे प्रमाण ९१ टक्क्यांनी घटले. आदिवासी औषध घेत नाहीत, अंधश्रद्धेत बुडालेले आहेत, त्यांची गावे दुर्गम आहेत, ही सारी सबब या एका आकड्याने निकालात निघते. माणूस वेळेवर दारात आला आणि त्याच्या पिशवीत औषध असले, की गोंडीण आपल्या मुलाला ते देते.

परंतु या प्रयोगातून दुसराही धडा घेतला पाहिजे. जे काम राज्याच्या आरोग्य खात्याने हक्क म्हणून करावयाचे, त्यासाठी एका कंपनीच्या सामाजिक निधीची गरज का पडावी? दान आज आहे, उद्या नाही. हिवतापाचा डास मात्र दरवर्षी पावसाळ्यात येतोच. मंडल्यात जे सिद्ध झाले ते दिंडोरीत, बालाघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, बस्तरमध्ये कायम नोकऱ्या देऊन करावयाचे, की प्रयोगाचा अहवाल कपाटात ठेवावयाचा, हा राजकीय निर्णय आहे. आज गावपातळीवरील आरोग्याचा डोलारा ज्या आशा कार्यकर्त्यांच्या खांद्यावर उभा आहे, त्यांना सरकार कर्मचारी मानावयासही तयार नाही. त्या ‘स्वयंसेविका’ आहेत आणि त्यांचे पोट कामामागच्या मोबदल्यावर चालते. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना आपल्या हक्कांसाठी वारंवार संपावर जावे लागले, हे वाचकांना स्मरत असेल.

येथे आरोग्याचा प्रश्न शिक्षणाच्या प्रश्नाला येऊन भिडतो. टोल्यावर जाणारा डॉक्टर आणि परिचारिका तयार कोठून व्हावयाची? ज्या राज्यात जबलपूर आहे, त्याच राज्यात व्यापम घडले. जुलै २०१३ मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील तोतये परीक्षार्थी पकडले गेले आणि वर्षानुवर्षे चाललेला व्यापार उघडकीस आला. या धंद्याला स्वतःची परिभाषाही होती. भाड्याने आणलेला हुशार परीक्षार्थी म्हणजे ‘इंजिन’ आणि पैसे भरून त्याच्या मागे बसविलेला उमेदवार म्हणजे ‘बोगी’. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाल्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर नर्सिंग महाविद्यालयांचे प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात आले. इमारत नाही, रुग्णालय नाही, शिक्षक नाहीत, तरीही महाविद्यालयाला मान्यता आहे, असे प्रकार चव्हाट्यावर आले. तपास अन्वेषण विभागाकडे दिला, तर २०२४ मध्ये तपास करणारे अधिकारीच लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. साठांहून अधिक महाविद्यालये अपात्र ठरली. या गोंधळात हजारो विद्यार्थिनींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. कर्ज काढून, शेत गहाण टाकून शिकावयास आलेल्या या मुलींचा गुन्हा कोणता?

हे काही मूठभर लाचखोरांचे कृत्य आहे, असे मानणे ही स्वतःची फसवणूक होईल. शिक्षण ही विकण्याची वस्तू ठरली, सरकारी जागा अपुऱ्या ठेवल्या आणि खाजगी महाविद्यालयातील पदवीची किंमत कोटीच्या घरात गेली, की प्रश्नपत्रिका, मान्यता आणि तपासणी अहवाल या साऱ्यांनाच बाजारभाव येतो. २०२४ मध्ये नीट परीक्षेच्या प्रकरणात तपासाचे धागे लातूरपर्यंत पोहोचले, ते याच बाजाराचे धागे होते. आणि भरलेली रक्कम वसूल करावयास निघालेला डॉक्टर मंडल्याच्या टोल्यावर का जाईल? जागेची चोरी केवळ एका गुणवंत विद्यार्थ्याची होत नाही. त्या विद्यार्थ्याने उद्या ज्या रुग्णाला हात लावला असता, त्या रुग्णाचीही होते.

मातृभाषेतून वैद्यकीय शिक्षणाची घोषणा ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळ येथे मोठ्या समारंभाने झाली. मातृभाषेतून उच्च शिक्षण हा लोकशाही हक्क आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु पुस्तकांचे लिप्यंतर म्हणजे भाषांतर नव्हे, आणि समारंभ म्हणजे शिक्षक नव्हेत. शिवाय मंडल्याच्या रुग्णाची भाषा गोंडी असेल तर हिंदी पाठ्यपुस्तकही अर्ध्या वाटेवरच थांबते. त्या रुग्णाशी बोलू शकेल अशी गोंड व बैगा घरांतील मुले-मुली जेव्हा परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि डॉक्टर होतील, तेव्हाच ही वाट पुरी होईल. त्यासाठी तालुक्याच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक आणि वसतिगृहात पोटभर जेवण लागते.

आता पैशाविषयी. १९४६ साली भोर समितीने सांगितले की, ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराविना राहता कामा नये. १९६६ साली कोठारी आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करावा अशी शिफारस केली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. प्रत्यक्षात २०२१-२२ मध्ये, महामारीच्या छायेतसुद्धा, तो १.८४ टक्के होता आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील जवळजवळ ४० टक्के भार लोकांच्या खिशावर होता. संशोधन व विकासावर २०२०-२१ मध्ये आपण सकल उत्पादनाच्या अवघे ०.६४ टक्के खर्च केले. चीन त्याच्या तिपटीहून अधिक करतो. २०२३ मध्ये नवीन राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली, पण त्यांतील ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यावयाचे! जो पैसा देईल तो विषय ठरवील. बैगा मुलाच्या सिकलसेलमध्ये किंवा सहरिया मजुराच्या क्षयात कोणत्या भांडवलदाराला नफा दिसणार आहे?

सार्वजनिक क्षेत्राने हे काम करून दाखविले होते. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळाले. सिकलसेलच्या मुलाला आज जे पेनिसिलिन हवे, ते बनविण्याची विद्या मराठी कामगारांच्या हातांत होती. तो कारखाना दुबळा होऊ दिला गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या विक्रीची वाट मोकळी केली. जबलपूरच्या संरक्षण कारखान्यांचीही १ ऑक्टोबर २०२१ पासून कंपन्यांत वाटणी झाली आहे. कुशल कामगारांच्या पिढ्या घडविणाऱ्या या शाळा आहेत. त्या मोडून विज्ञानात स्वावलंबन येत नाही.

म्हणून मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. प्रत्येक आदिवासी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया, पेनिसिलिन व फॉलिक ॲसिड बारा महिने मोफत मिळालेच पाहिजे. तपासणीनंतर प्रत्येक कुटुंबाला त्याच्या भाषेत समुपदेशन मिळाले पाहिजे. कार्डाच्या रंगावरून मुलींची लग्ने मोडू नयेत यासाठी ते अत्यावश्यक आहे. मंडल्याच्या धर्तीवर गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची कायम पदे निर्माण करावीत आणि आशांना कर्मचारी म्हणून मान्यता द्यावी. सरकारी वैद्यकीय व नर्सिंग महाविद्यालयांतील रिक्त पदे भरावीत, आदिवासी जिल्ह्यांत नवीन सरकारी नर्सिंग विद्यालये काढावीत, बोगस महाविद्यालयांत अडकलेल्या विद्यार्थिनींना सरकारी संस्थांत सामावून घ्यावे. संशोधन संस्थांनी ज्या गावातून नमुने घेतले, त्या गावाच्या ग्रामसभेपुढे आपले निष्कर्ष ठेवावेत, असा नियम करावा.

या मागण्या निवेदनापुरत्या राहता कामा नयेत. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार, पालघर, बालाघाट, छिंदवाडा, जेथे जेथे आपले वाचक आहेत, तेथे त्यांनी जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. सिकलसेलची गोळी साठ्यात आहे काय, शेवटची केव्हा संपली होती, किती पदे रिकामी आहेत, तपासणीत निघालेल्या रुग्णांपैकी किती जण नियमित औषध घेत आहेत, याची लेखी नोंद करावी. माहितीच्या अधिकाराचा वापर करावा. विद्यार्थी, शिक्षक, आशा आणि शेतमजूर यांच्या संघटनांनी ही माहिती गावसभेत वाचून दाखवावी. हाल्डेन यांनी कामगारांच्या वृत्तपत्रात विज्ञान लिहिले, कारण विज्ञान कळलेला कामगार अधिक नेमकी मागणी करतो. जबलपूरच्या शास्त्रज्ञांनी आपले काम केले आहे. ते मंडल्याच्या टोल्यापर्यंत पोहोचविण्याचे काम सरकारला करावयास लावणे हे संघटित जनतेचे कर्तव्य आहे.